बेडकाच्या देहातील दोन वेशी

ज्येष्ठ महिना लागतो तेव्हा बीड जिल्ह्यातील काळी भुई उन्हाने तडकून गेलेली असते. बालाघाटच्या डोंगरउतारावरील गवत करपलेले असते, ओढ्यांच्या पात्रांत वाळू आणि गोटे उघडे पडलेले असतात आणि विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. अशातच एखाद्या संध्याकाळी मृगाची सर कोसळते. मातीचा सुगंध सुटतो, डबकी भरतात, आणि रात्र पडते न पडते तोच चहूकडून 'डराँव डराँव' असा गजर सुरू होतो.

काल संध्याकाळपर्यंत ज्या शिवारात एकही बेडूक दिसत नव्हता, त्या शिवारात एका रात्रीत इतके बेडूक आले कोठून? लहान मुलांना वाटते, ते पावसाबरोबर आभाळातून पडले. खरे पाहता ते आपल्याच पायांखालून वर आलेले असतात. डबकी आटू लागली तेव्हाच ते मऊ चिखलात खोल शिरून बसले होते. वर जमीन तापत होती, नांगर फिरत होते, गुरे चालत होती, आणि खाली बेडूक निश्चल पडून होता. इतक्या दिवसांत त्याच्या पोटात अन्नाचा कणही गेला नव्हता. त्याच्या ह्या दीर्घ विश्रांतीला ग्रीष्मनिद्रा असे म्हणतात.

अन्न नाही, पाणी नाही, आणि तरीही हा जीव जगला कसा? ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. बेडकाच्या देहात निसर्गाने अनेक सोयी करून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक सोय त्याच्या रक्ताच्या वाटेत दडलेली आहे. ती वाट आज आपण पाहू.

रक्त शरीरात सतत फिरत असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. हृदय हे त्याचे ठिकाण. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. त्यांतील दोन वरच्या कप्प्यांना अलिंद आणि खालच्या एका कप्प्याला निलय म्हणतात. निलय आकुंचन पावले, की रक्त बाहेर ढकलले जाते. हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात. रोहिणीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी बारीक फाटे फुटतात आणि शेवटी केसाहूनही सूक्ष्म अशा नळ्यांचे जाळे तयार होते. ह्या नळ्यांना केशवाहिन्या असे नाव आहे. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींमधून अन्नरस आणि प्राणवायू शरीराच्या कणाकणाला मिळतो. पुढे ह्याच केशवाहिन्या एकमेकींना मिळू लागतात, त्यांच्या मोठ्या वाहिन्या बनतात आणि रक्त हृदयाकडे परत येते. रक्त परत आणणाऱ्या ह्या वाहिनीस नीला म्हणतात.

रक्त असे चक्राकार फिरते, हे विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून जगापुढे मांडले. परंतु रोहिणीतील रक्त नीलेत नेमके कोणत्या मार्गाने जाते, हे काही त्याला दिसले नाही. असा मार्ग असलाच पाहिजे, एवढे त्याने तर्काने ओळखले होते. १६५७ साली तो मरण पावला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील मार्चेल्लो मालपीगी ह्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली एक फुप्फुस ठेवले आणि त्यात त्याला केशवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसले. हार्वेच्या वर्तुळातील राहिलेला दुवा सापडला. ते फुप्फुस कोणाचे होते, ठाऊक आहे? एका बेडकाचे!

आता हाच विषय आपण आपल्या ओळखीच्या पाण्यावरून समजून घेऊ. रोहिणी ही शेतातील पाटासारखी आहे. पाट आरंभी मोठा असतो. त्याला चाऱ्या फुटतात आणि शेवटी पाणी वाफ्यावाफ्यांत पसरते. नीला ही नदीसारखी आहे. बिंदुसरा डोंगरातील लहान लहान ओहळांतून जन्म घेते, ती सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा गोदावरीला मिळते. म्हणजे पाट मोठ्याचा लहान होत जातो, तर नदी लहानाची मोठी होत जाते. बहुतेक सर्व नीला ह्या नदीच्याच नियमाने वागतात. त्या केशवाहिन्यांतून निघतात आणि मोठ्या होत होत हृदयात जाऊन पोहोचतात.

परंतु काही नीला हा नियम मोडतात. त्या जन्मतात नदीप्रमाणे आणि संपतात पाटाप्रमाणे! केशवाहिन्यांतून रक्त गोळा करून त्या निघतात खऱ्या. पण थेट हृदयाकडे न जाता वाटेतील एखाद्या इंद्रियात शिरतात, आणि तेथे त्यांचे पुन्हा केशवाहिन्यांत विभाजन होते. एका टोकाला केशवाहिन्यांचे जाळे, दुसऱ्या टोकालाही केशवाहिन्यांचे जाळे आणि मध्ये ही एकच वाहिनी, असा हा प्रकार असतो.

ह्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे करायचे असेल, तर बीड शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर असलेली खजाना विहीर आठवावी. ही विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. भूमीच्या पोटातील झऱ्यांचे पाणी भुयारी मार्गांनी विहिरीत यावे आणि दुसऱ्या एका भुयारी मार्गाने ते बाहेर पडून शेतांना मिळावे, अशी तिची रचना आहे. मागे असंख्य झरे, पुढे असंख्य वाफे आणि मधोमध एक वाहता मार्ग! झऱ्यांचे पाणी एकत्र होते ते नदीला मिळून जाण्यासाठी नव्हे, तर पुन्हा विखरून उपयोगी पडण्यासाठी. बेडकाच्या देहातील त्या आगळ्या नीलाही हेच करतात.

अशा नीलेला प्रवेशिका नीला असे म्हणतात. हे नाव पडले त्याचीही एक गोष्ट आहे. यकृताच्या ज्या खाचेतून ही नीला आत शिरते, त्या खाचेला प्राचीन काळचे पाश्चात्त्य वैद्य 'दार' म्हणत असत. दारातून आत जाणारी, म्हणून ती प्रवेशिका. आपल्या जुन्या गावांना तट आणि वेशी असत. बीड शहरातही जुन्या वेशी आहेत. पूर्वी बाहेरून आलेला माल वेशीवर थांबवून तपासला जाई, त्यावर जकात घेतली जाई, आणि मगच तो बाजारपेठेत जाई. बेडकाच्या देहात रक्तासाठी अशा दोन वेशी आहेत. पहिली वेस यकृताची आणि दुसरी वृक्कांची. वृक्क म्हणजे मूत्रपिंड.

प्रथम यकृताची वेस पाहू. बेडूक किडा गिळतो. जठरात आणि आतड्यात त्याचे पचन होते आणि तयार झालेला अन्नरस आतड्याच्या केशवाहिन्यांत शोषला जातो. हे अन्नरसाने भरलेले रक्त थेट हृदयाकडे गेले असते तर काय झाले असते? पोट भरल्यावर रक्तात एकदम साखरेचा पूर आला असता, आणि पोट रिकामे होताच दुष्काळ पडला असता. शिवाय अन्नातून आलेली अपायकारक द्रव्येही तशीच सर्व शरीरात पसरली असती. म्हणून जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा ह्यांच्याकडील रक्त यकृत प्रवेशिका नीलेत गोळा होते आणि यकृतात जाते. तेथे ते पुन्हा केशवाहिन्यांत पसरते. यकृतातील पेशी त्यातील जादा साखर काढून घेतात आणि तिचे ग्लायकोजेन नावाच्या पदार्थात रूपांतर करून ती साठवतात. विषारी द्रव्ये निरुपद्रवी करण्याचे कामही तेथेच चालते. प्रथिनांपासून निघणाऱ्या अमोनियाचा युरिया तेथेच बनतो. अशा रीतीने तपासलेले रक्त यकृत नीलांमधून बाहेर पडते आणि पश्च महानीलेच्या वाटेने हृदयाकडे जाते.

यकृत साखर साठवते, हे पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते. फ्रान्समधील क्लोद बेर्नार ह्या शास्त्रज्ञाने ते शोधून काढले. १८५५ साली त्याने एका प्राण्याचे यकृत घेऊन त्याच्या वाहिन्यांतून पाण्याची धार सोडली. त्यातील साखर पार धुऊन निघाली, याची खात्री होईपर्यंत त्याने ते धुतले. मग ते यकृत त्याने तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यात पुन्हा साखर! बाहेरून तर काहीच आले नव्हते. तेव्हा ही साखर यकृताच्याच कोठारातून निघालेली असणार, हे उघड झाले. पुढे दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याने ते कोठारातील धान्य, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळे करून दाखवले. आपल्याकडे सुगीचे धान्य पेवांत भरून ठेवत आणि अडचणीच्या दिवसांत पेव उघडत. यकृत हे शरीराचे पेव आहे.

आता दुसऱ्या वेशीकडे वळू. ही वेस बेडकाला आहे, तुम्हांआम्हांला नाही. बेडकाच्या लांब, बळकट मागच्या पायांकडून परत येणाऱ्या रक्तापुढे दोन वाटा असतात. मांडीतील नीलेला दोन फाटे फुटतात. त्यांतला एक फाटा पायातील दुसऱ्या एका नीलेला मिळतो आणि त्यांची मिळून वृक्क प्रवेशिका नीला बनते. अशी एक उजवीकडे आणि एक डावीकडे असते. आपापल्या बाजूच्या वृक्काच्या कडेने जात जात ती त्यात शिरते आणि तेथे केशवाहिन्यांत विखुरते. मग ते रक्त वृक्कांतून पुन्हा गोळा होऊन पश्च महानीलेत येते.

मांडीच्या नीलेचे दुसरे फाटे दोन्ही बाजूंनी येऊन पोटाच्या मध्यभागी एकत्र होतात. त्यांची जी एक नीला बनते, तिला अग्र उदर नीला म्हणतात. ती पोटाच्या आतल्या बाजूस, अगदी मधोमध, सरळ रेषेत पुढे जाते. वाटेत तिला मूत्राशयाकडून येणारी एक लहान नीला मिळते. यकृताजवळ पोहोचल्यावर तिला फाटे फुटतात. काही फाटे यकृताच्या खंडांत शिरतात आणि एक फाटा यकृत प्रवेशिका नीलेला जाऊन मिळतो. म्हणजे पायांकडचे रक्त एक तर वृक्कांच्या वेशीतून जाते, नाही तर यकृताच्या. तपासणी चुकवून हृदयाकडे जाण्याची वाट त्याला जवळजवळ नाहीच.

वृक्कांच्या वेशीवर काय काम चालते? प्रत्येक वृक्कात असंख्य सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला जोडून एक वळणावळणाची नलिका असते. गाळण्यांना रक्त मिळते ते रोहिणीकडून. नलिकांना मात्र रोहिणीच्या रक्ताबरोबरच प्रवेशिका नीलेचेही रक्त मिळते. बेडूक पाण्यात असतो तेव्हा त्याच्या उघड्या, ओल्या त्वचेतून पाणी सारखे आत येत असते. बेडूक आपल्यासारखे तोंडाने पाणी पीत नाही, तो ते कातडीने शोषतो. आत आलेले जादा पाणी बाहेर टाकण्यासाठी त्या वेळी गाळण्या जोराने काम करतात आणि पातळ मूत्र तयार होते.

पण पाणी आटले म्हणजे काय? तेव्हा पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा असतो. बेडकांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले आहे, की शरीरातील पाणी कमी होऊ लागले, की गाळण्यांकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या आकसतात आणि गाळण्याचे काम मंदावते. अशा वेळी वृक्कांना मिळणारे रक्तच कमी झाले तर नलिका उपाशी मरतील. येथे प्रवेशिका नीला उपयोगी पडते. तिचे रक्त नलिकांना मिळतच राहते. नलिका जिवंत राहतात आणि रक्तातील काही टाकाऊ द्रव्ये थेट उचलून बाहेर टाकण्याचे कामही थोडेफार चालू ठेवतात. मोठा कालवा बंद झाला, तरी जुन्या ओढ्याच्या पाण्यावर मळा तग धरून राहावा, तसे हे आहे.

आता त्या भुईखालच्या बेडकाकडे पुन्हा वळू. त्याचे हृदय मंद चालले आहे. आतड्याकडून अन्नरस येणे थांबले आहे. परंतु पावसाळ्यात यकृताच्या वेशीवर जे साठवले गेले, ते आता थोडे थोडे खर्च होत आहे. वृक्कांजवळ पिवळ्या बोटांसारखे दिसणारे मेदाचे पुंजके असतात, तेही हळूहळू झिजत आहेत. मूत्राशयात साठवलेले पातळ मूत्र हा त्याचा पाण्याचा हंडा आहे. त्यातील पाणी परत रक्तात शोषले जाते. वृक्कांच्या गाळण्या जवळजवळ मिटल्या आहेत, पण नलिका जिवंत आहेत. मिळते तेव्हा साठवावे, नसते तेव्हा काटकसरीने वापरावे आणि काही वाया जाऊ देऊ नये, हा धडा तो न बोलता गिरवीत असतो. १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण ज्या आजीआजोबांना आहे, त्यांना विचारा. ह्या धड्याचे मोल काय, ते तुम्हांला सांगतील.

ह्या रचनेचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. वृक्क प्रवेशिका आपल्याला नाही. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी आणि पक्षी ह्यांना ती कमीअधिक प्रमाणात असते. पण यकृत प्रवेशिका आपल्यालाही आहे. आपल्या यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त ह्याच वाटेने येते. दारूच्या व्यसनाने किंवा काही प्रकारच्या काविळीने यकृत कठीण झाले, तर वेशीतून रक्त सहज पार होईनासे होते. मागे तुंबारा होतो आणि पोटात पाणी साचते. ह्या विकाराला जलोदर म्हणतात. वेस बंद पडली, की सारे गाव अडचणीत येते, तसाच हा प्रकार होय.

ही सर्व माहिती माणसाला सुखासुखी मिळालेली नाही. तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बेडकांचे प्राण खर्ची पडले. महाविद्यालयातील विद्यार्थी मेणाच्या थाळीत बेडूक उताणा ठेवून त्याचे विच्छेदन करीत. पोटाची त्वचा दूर करताच मधोमध काळसर तांबडी रेघ दिसे. तीच अग्र उदर नीला. ती कापली जाऊन रक्त पसरू नये, म्हणून कात्री मध्यावर न चालवता थोडी बाजूने चालवावी, असे शिक्षक बजावीत असत. आता हे काम पुष्कळसे चित्रांवर आणि प्रतिकृतींवर भागते. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याविषयी सूचना दिल्या. त्यापूर्वी, १९८७ साली, बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात भारत सरकारने बंद केली होती. बेडूक शेतातील कीटक खाऊन पिकांचे रक्षण करतो. तो नाहीसा झाला तर नुकसान आपलेच, हे ध्यानात येऊ लागले होते.

तेव्हा मुलांनो, पुढच्या मृगात पाऊस पडेल आणि बांधाकडेने बेडकांचा गजर सुरू होईल, तेव्हा हातात दगड घेऊ नका. क्षणभर उभे राहून ऐका. कडक उन्हाळा भुईच्या पोटात काढून, यकृतातील शेवटच्या दाण्यांवर जगून, तो जीव पाण्याच्या भेटीला वर आलेला असतो. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहत असतो, त्याच पावसाची तोही वाट पाहत होता.

शब्दार्थ

शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन. गजर – मोठा, अखंड आवाज. दुवा – जोडणारा भाग. चारी – पाटाचा लहान फाटा. वेस – गावाचा दरवाजा. पेव – धान्य साठवण्यासाठी जमिनीत केलेले खोल तळघर. तुंबारा – प्रवाह अडल्यामुळे झालेला साठा. विच्छेदन – आतील रचना पाहण्यासाठी शरीर कापून उघडणे.

स्वाध्याय

प्रश्न १. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिला पाऊस पडताच बेडूक कोठून येतात?
(आ) हार्वेला न दिसलेला मार्ग कोणी व कशात पाहिला?
(इ) प्रवेशिका नीलेला हे नाव का पडले?
(ई) आपल्या शरीरात कोणती प्रवेशिका नीला नसते?

प्रश्न २. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) आतड्यातील रक्त थेट हृदयाकडे गेले असते तर काय झाले असते?
(आ) क्लोद बेर्नार ह्याने यकृतावर केलेला प्रयोग तुमच्या शब्दांत सांगा.
(इ) पाणी आटल्यावर वृक्क प्रवेशिका नीलेचा बेडकाला कसा उपयोग होतो?

प्रश्न ३. 'ती जन्मते नदीप्रमाणे आणि संपते पाटाप्रमाणे' हे विधान स्पष्ट करा.

प्रश्न ४. पाठात यकृताला व मूत्राशयाला कशाकशाच्या उपमा दिल्या आहेत, त्या शोधा. त्या तुम्हांला योग्य वाटतात का, ते सांगा.

प्रश्न ५. 'सुखासुखी', 'पिढ्यान्‌पिढ्या', 'थेंबन् थेंब', 'डोळे आभाळाकडे लागणे' ह्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम – तुमच्या गावात पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडला आणि बेडकांचा आवाज प्रथम केव्हा ऐकू आला, ह्याची नोंद वहीत करा. बेडकांना न पकडता दूरूनच निरीक्षण करा. पुढील वर्षीची नोंद तिच्याशी ताडून पाहा.